गाडीत बसलेले डॉक्टर सबनीस

मराठी माणूस "चला, निघतो" म्हणाला की तो निघत नाही. ती फक्त नोटीस असते. त्यानंतर तो सोफ्यावरून उठतो, स्वयंपाकघरात डोकावतो, उरलेल्या भाजीचा डबा नको नको म्हणत घेतो, कोट चढवतो, बूट घालतो, दाराच्या मुठीवर हात ठेवतो आणि मग खऱ्या गप्पांना सुरुवात करतो. तोवर जे काही झालेलं असतं ते नुसतं जेवण. बाहेर उणे वीस असताना दार अर्धवट उघडं ठेवून अख्ख्या घराची ऊब रस्त्यावर सोडणारी आणि वर "अगं, हीटिंगचं बिल काय येतंय हल्ली!" असा विषय काढणारी जमात बहुधा आमचीच. या सवयीवर कॅनडात एक गाणं झालं. ते रेडिओवर इतकं गाजलं की ट्रकवाल्यांपासून दातांच्या दवाखान्यापर्यंत सगळीकडे वाजू लागलं. ते लिहिलं होतं आमच्या सबनीस डॉक्टरांनी, आणि त्याचं कौतुक करण्याच्या भरात त्यांच्या संसाराचा जवळजवळ बट्ट्याबोळ केला होता मराठी मंडळाने. त्या मंडळाचा सांस्कृतिक सचिव मी होतो, त्यामुळे इतिहास खात्रीचा आहे.

डॉक्टर मूळचे अकोल्याचे. एकोणिसशे अडुसष्ट की एकोणसत्तर साली कॅनडात आले, आणि इथल्या लोकांनी त्यांना सस्कॅचवन प्रांतातल्या अशा एका गावात पाठवलं की जिथे गव्हाशिवाय दुसरं काही उगवत नव्हतं. ते भूलतज्ज्ञ होते. तिथला सर्जन ऑपरेशन करताना रेडिओ लावायचा आणि त्या रेडिओला एकच स्टेशन लागायचं. बारा वर्षं डॉक्टर रोग्याच्या उशाशी बसून कंट्री म्युझिक ऐकत होते. "रोगी झोपायचा अन् मी जागा राहायचो. दोघांपैकी बिघडलो मी," असं ते सांगत. पुढे ते टोरोंटोजवळ ओकव्हिलला आले, मोठ्या हॉस्पिटलात नोकरी केली, निवृत्त झाले, पण तो बिघाड काही दुरुस्त झाला नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मंडळाच्या गणपतीत. सत्तरी ओलांडलेले, शिडशिडीत, उंच, अंगात रेशमी कुर्ता, डोक्यावर रुंद काठाची काऊबॉय टोपी आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे नक्षीदार बूट. आरती सुरू होत होती आणि बूट काही निघत नव्हते. दाराजवळच्या खुर्चीत बसून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एक पाय पुढे केला. मी नुकताच पुण्याहून आलेला सॉफ्टवेअर इंजिनियर, जरीच्या कडेचा नवा कुर्ता घालून मिरवत होतो. मी तो पाय दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. बूट निघाला तेव्हा मी चप्पल-स्टँडवर जाऊन पडलो होतो आणि आत मंत्रपुष्पांजली चालली होती. "दुसरा राहू दे बाप्पा," डॉक्टर म्हणाले, "अर्धं पुण्य पुरे." आणि एका पायात बूट घालून त्यांनी दारातूनच हात जोडले.

माझं म्हणाल तर मी शास्त्रीय संगीताचा जाणकार होतो. म्हणजे माझ्या फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप होतं. व्हिटबीहून टोरोंटोला ट्रेनने जाताना मी डोळे मिटून ख्याल ऐकत असे आणि दोनदा माझं स्टेशन चुकलं होतं, एवढ्या भांडवलावर मंडळाने मला सांस्कृतिक सचिव केलं. मला कंट्री म्युझिक म्हणजे गुराख्यांचं रडगाणं वाटे, आणि ते मी डॉक्टरांना सांगितलंही. ते मुळीच रागावले नाहीत.

"हे पाहा सेक्रेटरी," ते म्हणाले, "तुझ्या गाण्यातली बाई सखीला सांगते, सखी जाऊन कृष्णाला सांगते, कृष्ण येतो की नाही ते शेवटपर्यंत कळत नाही. इकडे माणूस स्वतःच सांगतो. बायको गेली, कुत्रं मेलं, ट्रक बंद पडला. मधात दलाल नाही."

ते स्वतः गाणी लिहीत आणि गिटारवर म्हणत. इंग्रजीत. त्यांचा वऱ्हाडी हेल आणि त्या गाण्यांचा हेल असा काही जुळत असे की कुणी डोळे मिटून ऐकलं तर त्याला अकोला सस्कॅचवनच्या पलीकडेच वाटावं. मंडळाच्या कार्यक्रमात मी त्यांना वेळ देत असे, नाही असं नाही. मुलांची वेषभूषा स्पर्धा संपल्यावर आणि जेवणाची रांग लागल्यावर. डॉक्टर स्टेजवर गात असत, आणि साडेतीनशे मराठी माणसं त्यांच्याकडे पाठ करून मसालेभात घेत असत. त्यांनी तक्रार केली नाही. भूल देणाऱ्या माणसाला श्रोत्यांनी जागं असण्याची सवयच नसते, असं ते म्हणत. एकदा माझं प्रास्ताविक बरंच लांबलं तेव्हा मात्र त्यांनी मला बाजूला घेतलं. "टेबलावरच्या पेशंटला मी दहापासून उलटे आकडे मोजायला लावायचो. सातपर्यंत पोचला तर तो मोठा चिवट. तुझ्या भाषणात मी आठालाच गेलो."

आता सुमनकाकू. डॉक्टरांच्या पत्नी. ठेंगण्या, गोऱ्या, बोलघेवड्या, आणि दारातल्या गप्पांच्या अनभिषिक्त सम्राज्ञी. काकू घरात कधी महत्त्वाचं काही बोलल्याचं मला आठवत नाही. कुणाच्या मुलीला कुठे स्थळ आहे, कोणता सर्जन गुडघा चांगला करतो, नव्याने आलेल्या कुठल्या बाळंतिणीकडे डिंकाचे लाडू पोचवायचेत, कोण घटस्फोटाच्या उंबरठ्यावर आहे आणि त्याला कुणी समजवायचं, हे सगळं काकूंना कोट अंगात गेल्याशिवाय आठवतच नसे. आमच्या मंडळाची कार्यकारिणी बैठका घेत असे तेवढंच, निर्णय काकू दारात उभ्या राहून घेत.

आणि तेवढा वेळ डॉक्टर गाडीत. काकूंची नोटीस निघाली की ते उठत, सगळ्यांना एकच नमस्कार करत, बाहेर जाऊन काचेवरचं बर्फ खरवडत आणि गाडी सुरू करून बसत. चाळीस मिनिटं, पन्नास मिनिटं. त्यांनी हॉर्न वाजवल्याचं कुणी ऐकलं नाही. आम्ही नवरेमंडळी खिडकीतून त्यांच्याकडे बघत असू आणि "काय सहनशक्ती आहे!" म्हणत असू. डॅशबोर्डच्या उजेडात त्यांचे ओठ हलताना दिसत. मला वाटायचं, शिव्या देत असतील. मी दिल्या असत्या.

ते गाणं लिहीत होते.

आमच्या व्हिटबीत एका पबमध्ये दर गुरुवारी कुणीही उठून गावं अशी पद्धत होती. डॉक्टर ओकव्हिलहून सव्वा तास गाडी चालवत तिथे जात. तिथे एका तरुण गायकाने त्यांचं ते गाणं ऐकलं आणि मागितलं. डॉक्टरांनी देऊन टाकलं. नाव होतं 'द कार इज वॉर्म'. दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात ते रेडिओवर आलं आणि पुढचं वर्षभर त्याने कुणाला सोडलं नाही. लोकांनी त्याचे आपापले अर्थ लावले. माझ्या ऑफिसातली बाई म्हणाली, हा माणूस घटस्फोटित बायकोच्या दाराशी गाडी लावून बसलाय. ब्रॅम्पटनचे ट्रकवाले सरदारजी थंडीत इंजिन तापेपर्यंत ते म्हणत. मॉलच्या पार्किंगमधे नवरे बायकांची वाट बघत ते मोठ्याने लावत आणि खिडक्या खाली करत. माझी मुलगी घरात दिवसभर तेच म्हणत होती. मी तिला म्हणालो, हे सबनीस आजोबांनी लिहिलंय. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू काही मी म्हणालो होतो, वरणभाताचा शोध आत्याने लावला. "बाबा, प्लीज. डोन्ट मेक थिंग्ज अप."

पण वर्तमानपत्रात डॉक्टरांचा टोपीसकट फोटो आला आणि मंडळाला जाग आली. कार्यकारिणीने एकमताने ठरवलं की डॉक्टर सबनीस हे पहिल्यापासूनच आमचे लाडके कलावंत होते. येत्या गणपतीत जाहीर सत्कार. शाल, श्रीफळ, मानपत्र. मी स्वतः एक काऊबॉय टोपी विकत आणली. ती मला कानांपर्यंत येत होती, पण कलेसाठी माणसाने काही सोसावं.

सत्काराला हॉल तुडुंब भरला होता. पहिल्या रांगेत सुमनकाकू पैठणी नेसून बसल्या होत्या. नवऱ्याचं गाणं गाजतंय याचा त्यांना अभिमान होता. त्या गाण्यात काय आहे हे मात्र त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. "तो गाणारा मुलगा तोंडात सुपारी धरून गातो," त्या म्हणत, "आणि ह्यांची गाणी काय, गायी नाहीतर ट्रक." आमच्या बऱ्याच ज्येष्ठ सभासदांचंही तसंच होतं. तेव्हा सांस्कृतिक सचिवाने विचार केला की आपण रसग्रहण करावं. गाण्याची एकेक ओळ वाजवायची, थांबवायची आणि तिचा ओघवत्या मराठीत अनुवाद सांगायचा. डॉक्टर स्टेजवरच्या खुर्चीतून मला हाताने "नको, नको" करत होते. मला वाटलं, विनय आहे.

"काचेवरचं बर्फ वितळलं," मी म्हणालो, "पेट्रोलचा काटा खाली आला, आणि ती अजून दारात उभी आहे. कोट अंगात, हात दाराच्या मुठीवर. आता ती लोणच्याबद्दल बोलतेय. प्रिये, गाडी गरम झाली, गाडी गरम झाली!"

हॉलमधे असा हशा पिकला की माझ्या आयुष्यात माझ्या कुठल्याही वाक्याला तसा पिकला नव्हता. मी चेकाळलो. दुसऱ्या कडव्यात ती शेजारणीच्या बहिणीच्या मुलाच्या लग्नाचं बोलते, आणि नवरा म्हणतो की देवाने जग केलं सहा दिवसांत, पण हिचा निरोप अजून चालू आहे. त्याचा मी अभिनयासकट अनुवाद केला. साडेतीनशे माना पहिल्या रांगेकडे वळल्या. काकूही हसत होत्या. पदर तोंडाला लावून, सगळ्यांपेक्षा जास्त. मग शाल झाली, नारळ झाला, जेवण झालं. काकूंनी बूट घातले, कोट घातला, म्हणाल्या, "चला," आणि निघाल्या. म्हणजे खरोखर निघाल्या. डॉक्टर अजून खिशात किल्ली चाचपत होते आणि काकू गाडीशी उभ्या होत्या.

त्यानंतर त्या निघतच राहिल्या. दसऱ्याला निघाल्या, दिवाळीला निघाल्या. जेवण झालं की कोट, कोट झाला की गाडी. कुणाशी भांडण नाही, चेहऱ्यावर राग नाही. माझी बायको माधुरी दार धरून काहीतरी विचारायला जाई, तर काकू म्हणत, "फोनवर बोलू हं. ह्यांचं पेट्रोल जळतंय." आणि फोनवर त्या बोलत नसत, कारण फोनवर त्यांना कोट घालता येत नसे. दोन स्थळं बोलणी अर्धवट राहून मोडली. बाळंतिणींचे लाडू चुकीच्या घरी गेले. आम्ही नवरे प्रथमच वेळेवर घरी पोचू लागलो आणि घरी पोचून काय करायचं ते आम्हाला सुचेना.

डिसेंबरमधे डॉक्टरांचा मला फोन आला. "सेक्रेटरी, गाणं चाललं बाप्पा, पण घर बंद पडलं. आता ती शेजारी येऊन बसते, समोर बघते. सव्वा तास. मी म्हणतो हीटर वाढवू का, ती म्हणते तुमची मर्जी. नवीन एक ओळ सुचली नाही मले."

मी माफी मागू लागलो. त्यांनी मला थांबवलं. "तुझा काय दोष? तू भाषांतर बरोबर केलंस. पण गाण्याला तिसरं कडवं होतं. रेडिओवाल्यांनी कापलं. म्हणे लांबलं. ज्याच्यासाठी गाणं लिहिलं ते तिसऱ्यात होतं."

"मग ते काकूंना म्हणून दाखवा ना!"

"अरे, पन्नास वर्षांच्या संसारात मी असलं कधी काही बोललो नाही. आता एकदम बोललो तर तिला वाटेल माझा रिपोर्ट वाईट आला."

संक्रांतीला आम्ही दोघांना तिळगुळाला बोलावलं. दुसरं कुणी नाही. गुळाची पोळी झाली, तिळगुळ झाला. काकू हसून बोलत होत्या, पण सोफ्यावरच्या गप्पा, हवापाण्याच्या. पाच वाजता बाहेर काळोख झाला आणि त्या उठल्या. कोट, बूट, "येतो हं," आणि दोघंही दाराबाहेर. मी दार लावलं. दोन मिनिटांत बेल वाजली. गाडी सुरू होत नव्हती. थंडीने बॅटरी बसली होती.

समोर डग राहतो. त्याच्याकडे मोठा पिकअप आणि जोडायच्या वायरी आहेत. मी त्याला सांगायला गेलो तर तो जेवत होता. म्हणाला, वीस मिनिटांत येतो. परत आलो तेव्हा दोघं कोटासकट आमच्या दाराशी, चपलांच्या बाकावर शेजारी शेजारी बसले होते. बूट काढण्यात अर्थ नव्हता, डॉक्टरांचे तर नाहीच. माधुरी आणि मी जिन्याच्या पायरीवर बसलो. सगळ्या कॅनडात गाजलेली ती दारातली जागा, सगळे कोट घालून जमलेले, आणि शब्द नाही.

डॉक्टरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "सुमन," ते म्हणाले, "त्या गाण्याचं एक कडवं राहिलंय."

"कळलं मला गाणं," काकू म्हणाल्या. "सगळ्या गावाला कळलं."

डॉक्टर समोरच्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे बघत गाऊ लागले. गिटार नाही, आवाज थोडा कापरा. मी या वेळी भाषांतर केलं नाही. काकूंना शब्द न् शब्द ऐकू येत होता. तो माणूस म्हणत होता, घाई करू नकोस. घरी गेलो की तू दिवा मालवशील आणि तुझा दिवस संपेल. इथे तू उजेडात उभी आहेस, हात हलवून हसते आहेस, आणि मी अंधारात बसून तुला पोटभर बघतोय. घरात मला कुठे इतकं बघू देतेस? गाडी गरम आहे. माझी काही तक्रार नाही. देवा, तेवढं ते दार लवकर लावू नको.

गाणं संपलं. माधुरी नाक ओढत होती. मी टोपी घातली असती तर बरं झालं असतं, डोळ्यांवर ओढता आली असती. काकू नवऱ्याकडे टक लावून पाहत होत्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमचा रिपोर्ट वाईट आलाय का?"

"नाही गं माय!" डॉक्टर कळवळून म्हणाले. "रिपोर्ट बरा आहे. फक्त कडवं आहे ते!"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू बोलत होतीस ना."

काकूंनी त्यांच्या बाहीवर एक चापट मारली आणि तो हात तिथेच ठेवला. तेवढ्यात डगच्या ट्रकचे दिवे खिडकीवर पडले.

डॉक्टर आणि मी बाहेर गेलो. डगच्या ट्रकमधे रेडिओ चालू होता आणि त्यावर, देवाशपथ, तेच गाणं. ते तेव्हा दर तासाला लागत असे, त्यामुळे यात चमत्कार काही नाही. वायरी जोडता जोडता डग म्हणाला, "ग्रेट साँग. बट पुअर फेलो. शी इज नेव्हर कमिंग आउट." मी तोंड उघडणार एवढ्यात डॉक्टरांचा तो नक्षीदार बूट माझ्या पायावर पडला. "यू नेव्हर नो, डग," ते म्हणाले.

गाडी सुरू झाली. डगने बजावलं, बंद करू नका, निदान अर्धा तास चालू राहू द्या, म्हणजे बॅटरी धरेल. डॉक्टर आत बसले. मी घराकडे वळलो तर काकू दारात आल्या होत्या. कोटाची बटणं लावलेली, हात मुठीवर. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माधुरीकडे वळल्या. "बरं झालं आठवलं," त्या म्हणाल्या, "त्या ब्रॅम्पटनच्या कुलकर्ण्यांच्या मुलाचं काय झालं गं पुढे?"

माझ्या घराची सगळी ऊब बाहेर चालली होती. मला इतका आनंद हीटिंगचं बिल वाढताना कधी झाला नव्हता. तिळगुळाचा डबा राहिला होता, तो द्यायला मी गाडीशी गेलो. डॉक्टरांनी सीट मागे सरकवली होती, टोपी स्टिअरिंगवर टांगली होती आणि ते दाराकडे बघत बसले होते. त्यांनी काच खाली केली. अर्धा तास कधीच उलटून गेला होता. मी विचारलं, "काकूंना हाक मारू का?"

"खबरदार," ते म्हणाले आणि काच वर केली.

मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. मार्चमधे, बर्फ वितळायला लागलं होतं तेव्हा, एका सकाळी झोपेतच ते गेले. रिपोर्ट खरंच बरा होता.

ओकव्हिलच्या फ्युनरल होममधून डॉक्टरांचं अंत्यदर्शन घेऊन सगळे निघाले. काकूंना घरी न्यायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मी आधीच जाऊन गाडी सुरू केली. माधुरी मागे बसली होती. काचेतून आतलं दिसत होतं. काकूंनी कोट घातला होता, बटणं लावली होती, आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून, आत वळून, त्या अजून काहीतरी सांगत होत्या. आत दुसरं कुणी नव्हतं.

बराच वेळ गेला. "हाक मारू का त्यांना?" माधुरीने हळूच विचारलं.

"खबरदार," मी म्हणालो आणि हीटर जरा वाढवला.